आधी मोठ्याने वाचून तरी बघा!

हद्द झाली आता! परत एक कथा वाचायला आली आणि परत पहिलं अख्खं पान आभाळ, वारा, खिडकीवरचे थेंब, माणूस उगवतो थेट दुसऱ्या पानावर. अरे, वाचक पावसासाठी आलाय का? कुणाला काय हवंय आणि ते का मिळत नाहीये, तिथून सुरू करा ना! मग संवाद. कुणी साधं ‘म्हणत’च नाही, प्रत्येक जण उद्गारतो, गरजतो, पुटपुटतो, आणि वर ‘रागाने’ हेही लावायचं. ‘चालता हो इथून’ यात राग दिसत नाही का?? ‘ती खूप दुःखी होती’ लिहून मोकळे होतात, त्यापेक्षा तिने सवयीने दोन ताटं घेतली आणि एक परत ठेवलं एवढंच लिहा, खरंच रडू येईल मला.

लेखांचं तर विचारूच नका. ‘पाहणी करण्यात आली’. कोणी केली? कर्ता कुठे गेला? ‘चर्चेच्या माध्यमातून निर्णय घेण्यात आला’ म्हणजे ‘त्यांनी बोलून ठरवलं’, बस, पाच शब्दांचं काम तीन शब्दांत झालं, वर कोणी ठरवलं तेही कळलं.

किती वेळा सांगू, पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. दम लागला तिथे वाक्य तोडा, जीभ अडखळली तिथे शब्द बदला, कंटाळा आला तो परिच्छेद सरळ उडवा. दहा मिनिटं लागतात हो! तीही द्यायची नाहीत आणि लगेच विचारायचं, कशी वाटली?