ओढ्याला आधी जागा, मग बाकडी

पुण्यातल्या नदीकाठ प्रकल्पाची बातमी आली की आमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी मला हमखास टॅग करतं. "तू सांग गं, तुमच्याकडे कॅलिफोर्नियात कसं केलंय?" मी फोटो टाकते आणि सगळ्यांची निराशा होते. ना दगडी घाट, ना कारंजं, ना रात्रीचे जांभळे दिवे. दहा-बारा फूट रुंद डांबरी पट्टी, एका बाजूला झुडपांत दडलेला ओढा, दुसऱ्या बाजूला जाळीचं कुंपण आणि त्यापलीकडे हायवे 17 ची अखंड घरघर. "एवढंच?" हो, एवढंच. आणि माझं म्हणणं असं की एवढंच आहे म्हणून ते चाललंय.

ही लॉस गॅटोस क्रीक ट्रेल, म्हणजे लॉस गॅटोस नावाच्या ओढ्याकाठची चालायची आणि सायकलची वाट. लेक्सिंग्टन धरणापासून निघते, लॉस गॅटोस गाव, व्हसोना तलाव, कॅम्बेल असं करत सॅन होजेच्या विलो ग्लेन भागात येते. साधारण दहा मैल. ओढा पुढे डाउनटाउनमध्ये ग्वाडालुपे नदीला मिळतो, ट्रेल मात्र तिथवर सलग जात नाही. मधला तुकडा वर्षानुवर्षं कागदावर आहे. (अमेरिकेत सगळं वेळच्या वेळी होतं अशी कोणाची समजूत असेल तर ती इथेच सोडा.)

सकाळी लवकर पळणारे आणि घट्ट कपड्यांतले सायकलवाले. मग बाबागाडी ढकलणाऱ्या आया, कुत्री, कुत्र्यांचे मालक. कॅम्बेलच्या तळ्यांवर गळ टाकून बसलेले लोक, ज्यांना मासा लागताना मी कधीच बघितलेलं नाही, पण त्यांची काही तक्रार दिसत नाही. संध्याकाळी शाळकरी पोरं. आणि अगदी शेवटी, अंधार पडता पडता, हॉटेलांतल्या भटारखान्यात काम करणारी माणसं, जुन्या सायकलवर, पाठीला सॅक, दिवा असला तर असला. वीकेंडच्या फोटोंत ही शेवटची मंडळी कधी नसतात. ट्रेलचा खरा उपयोग कोणाला होतो असं विचाराल तर मी आधी त्यांचं नाव घेईन.

दुसरं नाव घेईन ते आई-बाबांचं. मे ते ऑक्टोबर हा इथे आई-बाबांचा सीझन. सहा महिन्यांचा मुक्काम, चार बॅगा, त्यातली एक निव्वळ भाजणी-मेतकुटाची. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा दोन-तीन आठवड्यांतच कंटाळली. साहजिक आहे. सहकारनगरात खाली उतरलं की भाजीवाला, देऊळ, बँक, चार ओळखीचे चेहरे. इथे खाली उतरलं की गाड्या, आणि माणूस एक नाही. गाडी चालवता येत नाही, बस कुठून कुठे जाते कळत नाही, सहा पदरी रस्त्याच्या सिग्नलला ते पांढरं माणसाचं चित्र लागतं आणि अर्ध्या रस्त्यात आकडे उलटे मोजायला लागतं. तिला त्या आकड्यांची धास्तीच बसली होती.

ट्रेलवर हा प्रश्नच येत नाही, कारण मोठे रस्ते येतात तिथे ती पुलाखालून जाते, ओढ्याच्या बरोबरीने. हॅमिल्टन अव्हेन्यू डोक्यावरून जातो, तुम्ही खालून. सिग्नल नाही, गाडी नाही, वाट चुकायची सोयच नाही. जाताना ओढा ज्या हाताला, येताना त्याच्या विरुद्ध हाताला. मी आईला एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकटी जायला लागली. साडी, त्याखाली पांढरे स्निकर्स, वर माझी जुनी कंपनीची टोपी. आठवड्याभरात तिला बाकावरचा कट्टा सापडला: विजयवाड्याच्या एक आजी, लुधियानाचे एक सरदारजी, एलआयसीतून निवृत्त झालेले नाशिकचे एक काका. भाषा मोडकीतोडकी हिंदी, विषय गुडघे, सुना आणि भारतातली घरं कोण झाडून घेतंय हा. मला आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या लोकांची नावं आईकडून कळली. इतकी वर्षं इथे राहून!

मायदेशातून आलेल्या म्हाताऱ्यांना एकटं फिरता येईल अशी जागा कोणत्याही मास्टर प्लॅनमध्ये लिहिलेली नसते. कोणी तशी आखलीही नव्हती. सपाट, सलग आणि गाड्यांपासून वेगळी वाट होती, तेवढ्यावर ते जमून गेलं.

आता भांडणं. ट्रेल म्हटलं की भांडणं आलीच आणि त्यातलं सगळ्यात मोठं वेगाचं. मर्यादा ताशी 15 मैलांची आहे. सायकलवाला मागून येताना ओरडतो, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही आहात तिथेच उजव्या कडेला राहा. आता चालणारा आपल्याकडचा असेल तर त्याला जन्मभर डावीकडून चालायची सवय, त्यात कानावर एकच शब्द स्पष्ट पडतो, 'लेफ्ट'. की तो आज्ञाधारकपणे डावीकडे सरकतो. थेट सायकलीच्या पुढ्यात. आईच्या बाबतीत माझ्यासमोर हेच झालं. तो बिचारा गवतात उतरला, सायकल आडवी झाली, उठून गुडघा चोळत हिलाच विचारतो, "यू ओके, मॅम?" आणि आई मला मराठीत, "अगं पण त्यानेच सांगितलं ना डावीकडे म्हणून?" तिचं काय चुकलं सांगा.

माझं सरळ मत आहे, घंटी सक्तीची करा. ओरडणं बंद. घंटी कोणालाही कळते, कुठल्याही भाषेत. आणि ज्यांना ताशी पंचवीसने जायचंय त्यांनी खुशाल रस्त्यावर सायकलची लेन वापरावी. हल्ली जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली आल्यात, पेडल न मारता नुसता थ्रॉटल पिळायचा. बारा-तेरा वर्षांची पोरं त्यावर डबलसीट जातात, हेल्मेट हँडलला लटकवून. त्याला सायकल म्हणायचं तर लुनालाही सायकल म्हणायला हरकत नाही.

पण सायकलवाल्यांच्या बाजूनेही एक बोलायला हवं. काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) पार्कमधून जाणारा ट्रेलचा भाग सूर्यास्ताला बंद होतो. डिसेंबरात इथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे ऑफिसातून किंवा हॉटेलातून सायकलने घरी जाणाऱ्याने काय करायचं? सरकारी कागदावर हिला येण्या-जाण्याची वाट म्हणायचं, त्या नावाने निधी आणायचा आणि संध्याकाळी बागेसारखं फाटक लावायचं, हे मला पटत नाही. रस्ता असेल तर तो रात्रीही रस्ताच असला पाहिजे.

बरं, आता मूळ प्रश्नाकडे येते. पुण्यातल्या मैत्रिणींना मी जे ग्रुपवर कधी नीट सांगू शकले नाही ते हे, की या खोऱ्यातल्या कित्येक ट्रेल मुळात ट्रेल म्हणून केलेल्याच नाहीत. इथे व्हॅली वॉटर नावाची पाण्याची संस्था आहे. ओढ्यांचा गाळ काढायला, काठ सांभाळायला, पडलेली झाडं उचलायला यंत्रं न्यावी लागतात, म्हणून तिने ठिकठिकाणी ओढ्यालगत जागा आणि सेवा रस्ते राखले. पुढे नगरपालिकांनी करार करून त्याच रस्त्यांवर डांबर टाकलं, फलक लावले, झाली ट्रेल. आधी ओढ्याला जागा होती, माणसं नंतर आली.

आणि ही जागा काही निसर्गप्रेमातून राखलेली नाही हेही सांगते, उगाच कोणी हरखून जायला नको. हे खोरं सिलिकॉन व्हॅली होण्याआधी जर्दाळू आणि प्रूनच्या बागांचं होतं. बागायतदारांनी आणि वाढत्या गावांनी विहिरींमधून इतकं पाणी उपसलं की विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत सॅन होजेचा मधला भाग सुमारे 13 फूट खचला. तेरा फूट! जमीन खचत असतानाच हळूहळू अक्कल आली. 1930 च्या दशकात धरणं बांधली, व्हसोनाचं 1935 चं, पुढे लेक्सिंग्टन 1952 मध्ये. 1965 पासून बाहेरून कालव्याचं पाणी यायला लागलं. आणि हे सगळं पाणी जमिनीत मुरवायला तळी केली. कॅम्बेलला ट्रेलच्या कडेला जी तळी आहेत, जिथे ते मासेवाले बसतात आणि बदकं पोरांच्या हातातला पाव ओढतात, ती शोभेची तळी नाहीत. ते पाझर तलाव आहेत. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर जे खोदले, त्याच जातीचे. माझ्या बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्या तळ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. ते पाटबंधारे खात्यात होते. त्यानंतर प्रत्येक फेरीत "आज पातळी उतरलीये" हे ठरलेलं वाक्य.

उन्हाळ्यात या ओढ्यात जे पाणी दिसतं तेही बरंचसं वरच्या धरणातून सोडलेलं. पाऊस इथे हिवाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिल. जोराचा झाला की पुलाखालचे भुयारी भाग पाण्याखाली जातात, फाटकं लागतात, चिखल साचतो. पाणी ओसरलं की यंत्र येऊन चिखल ओढून नेतं आणि ट्रेल पुन्हा चालू. बुडण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नाही, म्हणून नुकसानही नाही.

आता आंबील ओढा आठवा. कात्रजहून निघून पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळणारा. आमच्या लहानपणी त्याला लोक ओढा म्हणायचे, पुढे पुढे नाला म्हणायला लागले, आणि घरांच्या पाठी त्याच्याकडे झाल्या. कोणी भराव टाकला, कोणी भिंत पुढे सरकवली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याने आपली जागा परत मागितली. पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. त्या ओढ्याच्या दोन्ही काठांना यंत्र जाईल एवढी जरी पट्टी मोकळी असती तरी पूर आला असता, पण भिंतींना धडकला नसता. आणि उरलेलं वर्षभर त्याच पट्टीवरून लोक फिरले असते.

म्हणून मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाच्या चकचकीत चित्रांकडे बघताना मी आधी नदीची रुंदी किती उरली ते बघते. दिवे आणि फरशी बघायला नंतर वेळ आहे. नदी आवळून केलेल्या फिरायच्या जागेपेक्षा मला आमची गाळाने माखणारी डांबरी पट्टी परवडली. नदीचं राहू द्या, आधी ओढ्यांपासून सुरुवात करा. पुण्यात ओढे काय कमी आहेत?

इथेही सगळं गोडीगुलाबीने होतं असं नाही. शेजारच्या कुपर्टिनोत रेग्नार्ट ओढ्याच्या अशाच सेवा रस्त्यावर ट्रेल करायची ठरली, लायब्ररीपासून क्रीकसाइड पार्ककडे, मैलभरही नाही. तर ज्यांच्या मागच्या अंगणाला तो रस्ता लागतो त्यातल्या अनेकांनी जोरदार विरोध केला. चोऱ्या होतील, लोक कुंपणावरून आत बघतील. वर्षं गेली त्यात. शेवटी झाली. आता शाळेची पोरं तिथून दप्तरं घेऊन जातात.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. सॅन होजेच्या बाजूला जावं तसं पुलाखाली तंबू दिसतात. घरं नसलेली माणसं. ओढ्याकाठी कारण तिथे कोणी हटकत नाही, आणि या भागातली घरभाडी तुम्हाला माहीतच आहेत. 2014 मध्ये इथल्याच कोयोटी ओढ्याकाठची 'जंगल' म्हणून ओळखली जाणारी मोठी वस्ती उठवली, शेकडो माणसं होती. ती विरून थोडीच गेली? दुसऱ्या ओढ्यांवर गेली. आपल्या देसी ग्रुप्सवर यावर जे लिहिलं जातं ते वाचून मला लाज वाटते. ओढ्यात कचरा आणि मैला जातो हे खरं आहे, एकट्या बाईला संध्याकाळी तिथून जायची भीती वाटते हेही खरं, मलाही वाटते. पण ती माणसंही ट्रेलच वापरतात, आणि आपल्यासारखी फक्त फिरायला नाही. नुसतं हाकलून लावायच्या ठरावांना माझी सही मिळणार नाही.

बाकी, जे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या परिसरात आहेत त्यांच्यासाठी: सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ओढे साफ करायचा कार्यक्रम असतो, किनारा सफाईच्या राज्यभरच्या मोहिमेचा भाग. आम्ही काही जणी जाणार आहोत. येणार असाल तर कमेंटमध्ये लिहा, कोणत्या पुलाखाली जमायचं ते कळवते. जाड बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, पाण्याची बाटली आपापली. तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर ते पॉयझन ओक, हात लावू नका, आठवडाभर खाजवत बसाल. आई-बाबा आले असतील तर त्यांनाही आणा, कचरा उचलायचे चिमटे धरायला दोन हात जास्तच लागतात. फराळाचं माझ्याकडे.