बाबांचा जमाखर्च कोण छापणार?

जानेवारी 2023 मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींची कथा झाली. श्याम मानवांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 30 लाखांचं आव्हान दिलं आणि कितीतरी दिवस चॅनेलवाले एकाच प्रश्नाभोवती घुमत राहिले: महाराज मनातलं ओळखतात की नाही? जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं पोलिसांनी सांगितलं आणि कॅमेरे दुसरीकडे वळले. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या घरच्या ग्रुपवर तर उभे दोन तट पडले. इकडे फ्लोरिडात बसून ते सगळं वाचताना मला एकच वाटत होतं, की हा प्रश्न पत्रकाराचा नाहीच.

असं वाटण्यात माझ्या शेजाराचा हात आहे. मी टँपात राहतो. खाडीवरचा पूल ओलांडला की क्लिअरवॉटर, म्हणजे सायंटॉलॉजीवाल्यांचं काशी-पंढरपूर. गावातल्या मोक्याच्या इमारती त्यांच्या, रस्त्यात गणवेशातली त्यांची माणसं. एल. रॉन हबर्ड या विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसानं 1950 च्या दशकात हा पंथ काढला. 1975 मध्ये त्यांनी इथलं जुनं फोर्ट हॅरिसन हॉटेल घेतलं, तेही आपलं नाव लपवून. पुढं केलं होतं 'युनायटेड चर्चेस ऑफ फ्लोरिडा' नावाचं बुजगावणं. ते ओळखलं स्थानिक पेपरांच्या बातमीदारांनी. व्यवहार कुणाच्या नावे, मागे कोण, इतकंच ते विचारत राहिले. महापौरांनी जाहीर प्रश्न विचारले, तर त्यांना बनावट अपघातात गोवण्याचा डाव रचला गेला. सेंट पीटर्सबर्ग टाइम्स या इथल्या पेपरला या शोधासाठी 1980 चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं.

त्या बातम्यांचा जीव या पंथाच्या शिकवणीतल्या परग्रहवासीयांच्या गोष्टींत नव्हता. एरवी सायंटॉलॉजी म्हटलं की इथंही या पंथातला हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ आणि तसलाच मसाला जास्त खपतो. हसायला बरं, पण टिंगलीनं अशा संघटनेचं काही बिघडत नाही. उलट 'आमच्या श्रद्धेची थट्टा करतात' म्हणून गळा काढायची सोय होते.

आणि 'तिकडची पत्रकारिता बघा' म्हणणाऱ्यांतला मी नाही. 1991 मध्ये टाइम साप्ताहिकानं या पंथावर मुखपृष्ठकथा केली, तेव्हा 41 कोटी 60 लाख डॉलरचा दावा अंगावर आला. तो 1996 मध्ये फेटाळला गेला, पण अपिलं 2001 पर्यंत चालली. टाइमकडे वकील होते, पैसा होता. पण पैसाही नेहमी पत्रकारितेच्याच बाजूला असतो असं नाही: 2013 मध्ये द अटलांटिक या अमेरिकी मासिकाच्या साइटवर याच पंथाची जाहिरात लेखाच्या थाटात झळकली. वाचक खवळले, तेव्हा काही तासांत उतरवली आणि माफी मागितली.

आता आमच्याकडचा तालुका वार्ताहर बघा. माझा चुलतभाऊ तेच करतो. पहाटे पेपरचे गठ्ठे उतरवून घेणं, बातम्या पाठवणं आणि जाहिराती आणणं, तिन्ही कामं त्याचीच. पगार नाही म्हटलं तरी चालेल, जाहिरातीच्या कमिशनवर घर. आमच्या भागात एक बाबा आहेत, नाव घेत नाही. त्यांच्या सप्त्याला पानभर जाहिरात येते, वर महाराजांचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. मी फोनवर त्याला म्हटलं, आश्रमाची जमीन कुणाच्या नावावर आहे ते तरी लिही. तो म्हणाला, "दादा, तुले तिकून बोलाले काय जाते? ते जाहिरात गेली त माहा महिना जाते. आन् त्याइचा मानूस मले रोज एसटी स्टँडवर भेटते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. महानुभाव पंथाला शतकानुशतकं काय काय ऐकावं लागलं! काळी वस्त्रं, सांकेतिक लिपीत जपलेल्या पोथ्या, मग अफवांना तोटा कसला? त्याच पंथाच्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. आणि 2020 मध्ये तबलिगी जमातवर चॅनेलांनी जे रान उठवलं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्टमध्ये परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना अपप्रचार झाल्याचं स्पष्ट म्हटलं. वेगळं दिसणाऱ्याला झोडपणं म्हणजे शोधपत्रकारिता नव्हे.

म्हणून मी कागदाशी येऊन थांबतो. आपल्याकडे 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. नोंदणीकृत ट्रस्टला हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. विश्वस्त कोण, मिळकत किती, हे तिथं नोंदलेलं असतं. दर्यापूरहून अमरावतीचं हे कार्यालय काही लांब नाही. बाबा खरे की खोटे, हे त्या फाईलमध्ये सापडणार नाही आणि सापडायची गरजही नाही. देणगी कुठं गेली आणि सेवेकऱ्यांकडून फुकट राबवून घेतात का, हे दोन प्रश्न कुठल्याही पंथाला सारखेच विचारता येतात, मग तो आपला असो की परका.

चुलतभावाला हेही सांगून पाहिलं. "कागद आनतो ना मी," म्हणाला, "पन छापन कोन?" छापायचं नागपूर-पुण्यातल्या संपादकांनी. दावा लागला तर वकिलाचा खर्चही त्यांच्याच मालकांनी करायचा, कमिशनवर जगणाऱ्या पोरानं नाही.