खुलासा: सफरचंदाच्या आळ्यात बर्फ टाकून बहार येत नाही

‘डिसेंबरात सफरचंदाच्या आळ्यात बर्फ टाका, संत्र्यासारखा ताण द्या (म्हणजे पाणी तोडा), फेब्रुवारीत फूल घ्या’ असा मेसेज काटोल-वरुडकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

घोळ संत्र्यावरून झाला. संत्र्याच्या आंबिया बहारात, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यात, ताणावरच फुलाचा डोळा (फांदीवरचा मिटलेला कोंब) ठरतो, पाणी सोडलं की फुटतो. सफरचंदाचं गणित वेगळं. हिमाचलात फूल एप्रिलात दिसतं, पण त्याचा डोळा आदल्या जून-जुलैतच आखूड, बोटभर फांद्यांच्या टोकाशी ठरलेला असतो. थंडी फूल तयार करत नाही. झोपलेला डोळा उठवते. आणि ती डोळ्यालाच लागते, मुळाला नाही. बर्फाचे पैसे पाण्यात.

फुगीर, बोथट, लवदार डोळा फुलाचा. बारीक, काडीला चिकटलेला पानाचा. शंका असेल तर हिवाळ्यात एखादा फुगीर डोळा ब्लेडने उभा चिरा: भिंगाखाली कोवळ्या पानांत साधारण पाच कळ्यांचा झुपका दिसतो. आखूड फांद्या छाटल्या की तो बहारच छाटला जातो.

फळं दाटली तरी पुढचा बहार हुकतो, कारण कोवळ्या बियांतलं जिबरेलिन हे संप्रेरक शेजारचा डोळा फुलाचा होऊ देत नाही. म्हणून विरळणी, म्हणजे जादा कोवळी फळं काढणं, फुलानंतर महिनाभरात उरका. नत्राचा मारा केला तर नुसत्या काड्या वाढतात.

जुन्या डेलिशस जातींना ७ अंशांखालचे हजारेक तास लागतात. ते नागपुरात कुठून आणणार? अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डनसारख्या कमी थंडीच्या जातीच लावा. हिवाळ्यात त्यांची पानं गळाली नाहीत तर हाताने खुडावी लागतात.