आषाढ आमरी उपटून कुंडीत लावा, म्हणणाऱ्यांसाठी

पाऊस पडला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या माळावर फुललेल्या आषाढ आमरीचा, म्हणजे जमिनीवर उगवणाऱ्या एका ऑर्किडचा, फोटो आणि खाली सल्ला: ‘कंद मातीसकट काढा, कुंडीत लावा, दरवर्षी फुलेल. नाहीतरी ती वणव्यात, गुरांच्या पायाखाली जातेच. शेंगेत हजारो बिया असतात, काही बिघडत नाही. कंद दुधातून घेतल्यास ताकद येते.’

दरवर्षी फुलेल? नाही फुलत. आमरीचा कंद वर्षागणिक नवा होतो. पहिल्या पावसात गेल्या वर्षीचा कंद फुटतो, जमिनीला चिकटून एक गोल पान येतं, मग पांढरं फूल. तोवर जुना कंद रिकामा होत सुरकुतलेला असतो आणि शेजारी नवा नुकता धरू लागलेला. तो भरतो पानाच्या जिवावर, पान पिवळं पडेपर्यंत. फुलावर असताना उपटलंत तर हाती येतो एक सुरकुतलेला कंद, एक अर्धा भरलेला, आणि तुटलेली मुळं. कुंडीत पान आठ-पंधरा दिवस टवटवीत दिसतं म्हणून लोक ‘लागलं’ म्हणतात. प्रत्यक्षात ते उरलासुरला साठा खात असतं.

त्यातूनही तगलं, तर पावसाळा सरताना पान वाळतं. मग रोप मेलं समजून कुणी कुंडी रिकामी करतं, कुणी रोज पाणी घालतं आणि कंद कुजतो. माळावर तो पुढच्या जूनपर्यंत कोरड्या मुरमात निजलेला असतो. शिवाय आमरीच्या मुळांत राहून तिला पोसणारी बुरशी असते. कुंडीत युरिया किंवा बुरशीनाशक पडलं की ती साथही बिघडते.

वणव्याचं म्हणाल, तर तो फाल्गुन-चैत्रात लागतो. तेव्हा आमरी सगळी मातीखाली असते आणि गवतावरून झरझर सरकणारा जाळ बहुधा कंदापर्यंत पोचत नाही. गुरांचं म्हणणं थोडं खरं आहे: भर पावसात पान तुडवलं गेलं तर नवा कंद बारीक राहतो, पुढच्या वर्षी फूल चुकतं. पण कंद जागेवर असतो. उपटल्यावर तोच उरत नाही.

बिया हजारो असतात, हे खरं. पण त्या धुळीसारख्या, अन्नसाठा नसलेल्या. योग्य बुरशीचा धागा आत शिरला तरच बी रुजतं, आणि पुढे फूल यायला काही वर्षं जातात. फुलावरचं झाड उपटलं तर शेंगच धरत नाही.

ताकदीचा समज सालममिश्रीवरून आला असावा. ती याच कुळातल्या, जमिनीवर वाढणाऱ्या इतर जातींचे वाळवलेले कंद. त्यात मुख्यतः पिष्ट आणि चिकट तंतू, त्यामुळे दूध दाट होतं, एवढंच. किलोभर पुडीला हजारावर कंद लागतात.

आणखी एक: अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि राखीव वनातून विनापरवाना वनोपज काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

घरी जमिनीवरची आमरी हवीच असेल तर रोपवाटिकेतलं स्पॅथोग्लॉटिस हे ऑर्किड घ्या. आठ इंची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर माती, जाड वाळू आणि कुजलेला पाला समप्रमाणात. गड्डा निम्मा मातीबाहेर ठेवा, पूर्ण पुरला तर कोंब सडतो. सकाळचं ऊन द्या. नाशिकच्या थंडीत वाढ मंदावते, तेव्हा वरची माती सुकल्यावरच पाणी घाला.