निम्मं बरोबर

कालपासून मी लेकीशी अबोला धरलाय. तो तिच्या अजून लक्षात आलेला नाही, ही आणखी एक नामुष्की.

गणित साधं होतं: (क्ष − ३)(क्ष + ५) = ९. दहावीची प्रिलिम तोंडावर, म्हणून मोठेपणानं पेन मीच घेतलं. अवयव तर आयते पाडून दिलेले! क्ष − ३ = ९, म्हणून क्ष = १२. क्ष + ५ = ९, म्हणून क्ष = ४. उत्तराखाली दोन रेघासुद्धा ओढल्या.

"बाबा, उजवीकडे शून्य लागतं. तिथे नऊ आहेत."

मटार सोलणाऱ्या सासूबाई थांबल्या. "शून्यच का गं?"

"आजी, दोघांचा गुणाकार शून्य आला, तर त्यातला एक तरी शून्य असतोच. नऊ आले तर काय कळणार? तीन त्रिक नऊ, नऊ एके नऊ, अर्धा गुणिले अठरासुद्धा नऊच."

"एक तरी शून्य असतोच?"

"असतोच."

"दुसरा कितीही मोठा असला तरी?"

"लाख असू दे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या, त्यांच्या लेकीच्या पदवीदानाच्या फोटोकडे पाहिलं. मग एक किडकी शेंग निवडून बाजूला ठेवली. "हे आम्हाला वेळेवर कुणी शिकवलं नाही हो."

मी घाईनं पडताळा घेतला. ४ घातले, एक गुणिले नऊ, नऊ! १२ घातल्यावर १५३ आले, ते मी मनातच वाचले. तोवर लेकीनं कंस सोडवून, नऊ डावीकडे आणून, नव्यानं अवयव पाडले होते: (क्ष + ६)(क्ष − ४) = ०. मुळं −६ आणि ४. म्हणजे माझं एक बरोबरच की! दोन गुणांचं गणित, एक गुण तरी?

"रीत चुकली. चार नशिबानं आले. शून्य."

भास्कराचार्यांच्या माकडांच्या एका गणितात ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. पाच घेतले तर मध्येच ऋण संख्या येते, ती लोकांना पटत नाही म्हणून त्यांनी पाच सोडून दिले. त्यांचे गुण कुणी कापले? आणि आमच्या सरांनी 'उजवीकडे शून्य' हे छडी मारून घोकून घेतलं, पण का, ते चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. ते मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सासूसमोर कळावं?

रात्री सासूबाईंनी मटारभाताचा डाव माझ्या ताटावर धरला आणि विचारलं, "जावईबापू, निम्माच वाढू ना?"