माती वाचली की सगळं कळतं?

मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: चिमूटभर मातीतला डीएनए वाचला की तिच्यात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत, काय करतात हे सगळं कळतं. प्लेटवर जिवाणू वाढवत बसणं आता कालबाह्य झालं.

यातलं खरं ते आधी मान्य करतो. मातीतले बहुतेक जिवाणू नेहमीच्या आगरवर (प्लेटमधल्या पोषक जेलीवर) उगवतच नाहीत. त्यांचा पत्ता डीएनएमुळेच लागला. बाकीचं मात्र एकेक तपासू.

'कोणते आहेत ते कळतं.' २०१५ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांवरून घेतलेल्या नमुन्यांत प्लेग आणि अँथ्रॅक्सच्या जिवाणूंशी जुळणारे डीएनएचे तुकडे सापडले आणि गहजब झाला. शहराच्या आरोग्य विभागाने हरकत घेतली. पुढे संशोधकांनीच दुरुस्ती छापली: हे जिवाणू तिथे असल्याचा ठोस पुरावा नाही. अँथ्रॅक्सचा जिवाणू आणि मातीत सर्रास आढळणारा बॅसिलस सेरियस हे सख्खे भाऊ. हाती आलेला छोटा तुकडा यातल्या कोणाचा, हे सांगणार कसं? त्याच नमुन्यांतला जवळपास निम्मा डीएनए तर कुठल्याच ज्ञात जिवाशी जुळला नव्हता. मला प्लेगपेक्षा हेच जास्त थरारक वाटतं.

'किती आहेत ते कळतं.' ओळख पटवायला आणि मोजायला सहसा १६एस हे जनुक वाचतात. त्याच्या प्रती ई. कोलाय या जिवाणूत ७, बॅसिलस सबटिलिसमध्ये १०, समुद्रातल्या पेलॅजिबॅक्टरमध्ये एकच. म्हणजे कोणाला एक मत, कोणाला दहा! शिवाय या मतदारयादीत मेलेल्यांची नावंही असतात. अमेरिकेतल्या मातीच्या नमुन्यांवर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात सरासरी ४० टक्के डीएनए पेशीबाहेर पडलेला किंवा फुटलेल्या पेशींमधला निघाला.

'काय करतात ते कळतं.' घरात तबला आहे म्हणून घरातलं कोणी तो वाजवतंच असं नाही. जनुकाचंही तसंच.

'प्लेट कालबाह्य.' इथे जरा थांबतो. आर्क्टिकजवळच्या समुद्रतळातल्या गाळातून २०१५ मध्ये लोकीआर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटातले एकपेशीय सूक्ष्मजीव) सापडले, तेही फक्त डीएनएच्या तुकड्यांतून. आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींत आढळणारी काही जनुकं त्यांच्यात होती. पण प्रत्यक्ष पेशी कोणी पाहिलेली नव्हती. गाळात दुसऱ्याच कोणाचा डीएनए मिसळला असेल, अशी शंकाही घेतली गेली. दरम्यान जपानमध्ये काही जण २००६ पासून खोल समुद्रातला गाळ मिथेन देऊन जोपासत होते. १२ वर्षांच्या चिकाटीनंतर त्याच गोतावळ्यातला एक जीव त्यांच्या हाती लागला. तोही एकटा वाढत नाही, सोबतीला मिथेन बनवणारा दुसरा सूक्ष्मजीव लागतो. संख्या दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस! (ई. कोलायला वीस मिनिटं पुरतात.) २०२० मध्ये त्याचं छायाचित्र छापून आलं. चिमुकला गोळा आणि त्यातून फुटलेले लांबलचक, फाटे असलेले हात. जनुकसंच वाचून हे हात कोणालाच दिसले नव्हते.