पेट्रोलच्या भांडणात आम्हाला साक्षीला बोलावू नका

पेट्रोलच्या दरावरून भारतात वाद पेटला की इंग्लंडमध्ये बसलेल्या माझ्याकडे दोन प्रकारचे निरोप येतात. पहिला: "तुमच्याकडे लिटरला दीडशेच्या वर पडतं ना? तरी तिथे कुणी बोंब मारतं का?" दुसरा उलट्या गोटातून: "तिकडच्या सरकारने असा कर लावून दाखवावा, लोक खुर्ची खेचतील." दोन्हीकडच्यांना माझं उत्तर नकोच असतं, फक्त होकार हवा असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. दोघांचंही चुकतंय.

आधी आकडा. २०२५ साली इथे पेट्रोल साधारण १३५ पेन्स लिटर होतं (शंभर पेन्सचा एक पौंड), म्हणजे रुपयांत दीडशेच्या पुढेच. पुण्या-मुंबईत तेव्हा १०३-१०४ रुपये. इथवर पहिल्या गोटाचं बरोबर. पण एप्रिल २०२५ पासून इथलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं. म्हणजे गोदामात खोकी उचलणारा माणूस एका तासाच्या मजुरीत नऊ लिटर पेट्रोल घेऊ शकतो. आपल्याकडे महिना वीस हजारांवर, महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास राबणाऱ्याचा तास पडतो ९६ रुपयांना. त्यात एक लिटरही येत नाही.

मात्र दुसऱ्या गोटाने लगेच टाळ्या पिटू नयेत. इथला तो माणूस मोटार चालवतो, आपला दुचाकी. इथे पेट्रोल लिटरने विकतात, अंतर मैलांत मोजतात आणि गाडीचं ॲव्हरेज गॅलनवर (साधारण साडेचार लिटरवर) सांगतात, त्यामुळे हिशेब करताना डोकं उठतं. तरी चाळीस मैलांचं ॲव्हरेज म्हणजे आपल्या मापात लिटरला चौदा किलोमीटर. तासाच्या मजुरीत इथला माणूस सव्वाशे किलोमीटर जातो. आपला माणूस पन्नासच्या ॲव्हरेजच्या गाडीवर पंचेचाळीसेक किलोमीटर जातो. जवळपास दहापटींचं अंतर पावणेतीनपटींवर येतं. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला इंधनावर कुठली खरी सवलत मिळत असेल तर ती दुचाकीची, आणि तिची किंमत पावसात, खड्ड्यांत, कधी हाडांत मोजावी लागते.

आता बोंब मारण्याबद्दल. ब्रिटिश लोक गप्प बसतात हा गैरसमज कुठून आला देव जाणे. १९९३ पासून इथल्या सरकारने इंधनावरचा कर दरवर्षी महागाईच्या वर चढवत नेण्याचं धोरण ठेवलं होतं. पक्ष बदलला, धोरण तेच राहिलं, उलट चढ वाढला. १९९९ च्या अखेरीस ते सोडून दिलं, तोवर उशीर झाला होता. सप्टेंबर २००० मध्ये शेतकरी आणि ट्रकवाल्यांनी चेशरमधल्या स्टॅनलो रिफायनरीच्या दारात गाड्या लावल्या, पाठोपाठ इतर ठिकाणी लावल्या, आणि काही दिवसांत देशभरातले पंप कोरडे पडले. फ्रान्समध्ये २०१८ साली पिवळी जाकिटं घालून जे लोक रस्त्यावर उतरले, तेही सुरुवातीला इंधनकरावरूनच. ब्रिटनमधल्या प्रत्येक अर्थमंत्र्याला ही धास्ती पुरती ठाऊक आहे. मार्च २०११ मध्ये लिटरमागे ५७.९५ पेन्स ठरलेला कर त्यानंतर अकरा वर्षं कुणी वाढवला नाही, आणि मार्च २०२२ मध्ये उलट पाच पेन्सने कमी केला. बोंब मारून झाली होती, म्हणून तर शांतता आहे.

आणि 'असा कर लावून दाखवावा' म्हणणाऱ्यांसाठी: लावलेला आहे. १३५ पेन्समध्ये ५२.९५ पेन्स इंधनकर, आणि वर एकूण रकमेवर २० टक्के व्हॅट. इंधनकरावरही व्हॅट बसतो, म्हणजे करावर कर, अगदी आपल्यासारखाच. मिळून किमतीच्या निम्म्याहून जास्त वाटा सरकारचा. मुंबईत केंद्र आणि राज्य दोघांचं मिळून निम्म्याच्या थोडं आतच राहतं. तेव्हा कर किती, एवढ्यावर भांडायचं असेल तर इंग्लंडचं नाव न घेतलेलं बरं.

माझ्या मते भांडण 'किती' यावर नसून 'कसा' यावर असायला हवं. इथला इंधनकर लिटरमागे ठरलेल्या पेन्सांत आहे. कच्चं तेल दुप्पट झालं तरी तो तेवढाच. (व्हॅट चढतो, ते खरं.) महाराष्ट्राचा व्हॅट मात्र टक्क्यांत: २५ टक्के, वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. तेल महागलं की राज्याची तिजोरी आपोआप भरते आणि त्यासाठी विधानसभेत कुणाला हातही वर करावा लागत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क रुपयांत ठरलेलं असतं खरं, पण ते कधी वाढतं ते बघा. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल कोसळत असताना ते नऊ वेळा वाढवलं गेलं. २०२० मध्ये जग घरात कोंडलेलं, तेलाला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा आधी मार्चमध्ये तीन रुपये आणि मेमध्ये पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये. त्याच मेमध्ये इथे पेट्रोल १०५ पेन्सच्या आसपास उतरलं होतं. जानेवारीत ते १२७ च्या घरात होतं. घराबाहेर पडता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण पाटीवरचा आकडा उतरताना आम्ही पाहिला.

भारतात २०१७ च्या जूनपासून दर रोज बदलणार असं जाहीर झालं होतं. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने शुल्क घटवलं, जुलैत महाराष्ट्राने व्हॅट कमी केला, आणि मग मार्च २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर दोन रुपये उतरेपर्यंत आकडा जागचा हलला नाही. मधल्या काळात तेल वर गेलं, खाली आलं, रशियाचं स्वस्त तेल आलं. तेल कंपन्यांनी आधीचा तोटा भरून काढला असं सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण मग 'रोज बदलणारा दर' म्हणू नका.

इथला बाजारही काही सोवळा नाही. इथल्या स्पर्धा आयोगाने २०२३ च्या जुलैत अहवाल दिला, त्यात २०१९ ते २०२२ दरम्यान सुपरमार्केटांच्या पंपांनी लिटरमागचा नफा सरासरी सहा पेन्सने वाढवल्याचं निघालं. चढताना झटकन, उतरताना रेंगाळत, ही सवय सगळीकडची.

रोज गाडी चालवणाऱ्याला यातलं काय जाणवतं? आपल्याकडे कुणी लिटर सांगत नाही, "दोनशेचं टाका" म्हणतो. पंपावरचा पोरगा "झिरो बघा" म्हणतो, आपण झिरो बघतो, काटा दोनशेवर थांबतो. दर वाढला तरी खिशातून दोनशेच जातात, म्हणून पंपावर काही कळत नाही. कळतं ते पुढे, शनिवारी रिझर्व्हला लागणारी गाडी गुरुवारीच लागते तेव्हा. इथे पंपावर पोरगा नसतो, नळी आपणच धरायची. माझ्या शेजारच्या बाई वृद्धांच्या घरोघरी जाऊन त्यांचं न्हाणंधुणं करतात, दिवसभर स्वतःच्या मोटारीने या दारातून त्या दारात. पंपावर त्या वीस पौंड ठरवूनच येतात. साडेएकोणीसला बोट सैल करतात आणि मग पेन्स-पेन्स करत दाबतात, कारण वीसवर दोन पेन्स गेलेलेही त्यांना चालत नाहीत. नोकरीच्या कामासाठी स्वतःची गाडी वापरली तर करमुक्त भत्ता मैलामागे ४५ पेन्सांपर्यंत धरतात. हा आकडा २०११ चा आहे, आणि मालकाने तेवढे द्यायलाच हवेत अशी सक्ती नाही. 'तिकडे परवडतं' म्हणणाऱ्यांनी या बाईंसमोर म्हणून दाखवावं.

त्यांना एकच गोष्ट आपल्या लोकांपेक्षा बरी मिळाली, ती म्हणजे बसचं तिकीट. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून एका बसफेरीला जास्तीत जास्त दोन पौंड, २०२५ पासून तीन. सुट्टीच्या दिवशी त्या गाडी दारात ठेवतात. कामावर जाताना बस उपयोगाची नाही, कारण गावांकडची शेवटची बस संध्याकाळीच जाते. महाराष्ट्रातही मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि तो निर्णय मला पेट्रोलवरच्या कुठल्याही कपातीपेक्षा मोलाचा वाटतो. फक्त गाडी वेळेवर यायला हवी, नाहीतर माणूस वडापने जातो आणि पहिली संधी मिळताच हप्त्याने दुचाकी घेतो. एकदा हप्ता सुरू झाला की तो एसटीचा प्रवासी राहत नाही.

काटकसरीच्या युक्त्या दोन्हीकडे सारख्याच: टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, वेग आवरा. इथे हमरस्त्यावर सत्तरऐवजी साठ मैलांनी गेलं तर टाकी खरंच जास्त पुरते, कारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात हवेचा अडसर वाढतो. पुण्यातल्या सिग्नलांमध्ये हा सल्ला देणं म्हणजे चेष्टा आहे. तिथे लोकांनी सीएनजीचा मार्ग काढला आणि रांगेतला वेळ पेट्रोलच्या बदल्यात दिला.

एका बाबतीत मात्र मी भारतातल्या तक्रारखोरांच्या बाजूने आहे: इथेनॉल, म्हणजे ऊस-मक्यापासून काढून पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते, हे शाळेतलं गणित आहे. नव्या इंजिनात त्यातलं काही भरून निघत असेल, जुन्या स्कूटरमध्ये कसं निघणार? ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरात दहा टक्के मिश्रण आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल 'सुपर' म्हणून शेजारच्या नळीत ठेवलं. महाग आहे, पण आहे. उसाला आणि मक्याला भाव मिळावा हे मलाही मान्य. त्यासाठी जुनी गाडी चालवणाऱ्याकडून न विचारता वर्गणी घेऊ नये. निदान कमी ऊर्जेचं पेट्रोल कमी दराने तरी द्यावं.

जीएसटीबद्दल एवढंच: 'पेट्रोल जीएसटीत आणा, साठ-सत्तरला मिळेल' हे कोणत्याही पक्षाचा माणूस विरोधात असतानाच म्हणतो. युरोपभर व्हॅट आणि वेगळा इंधनकर शेजारी-शेजारी नांदतात. आपल्याकडे तंबाखूवर तेच चालतं. पेट्रोल जीएसटीत आलं तरी वरचा कर राहणारच. २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने हा विषय बाजूला सारला, तेव्हा एकाही मोठ्या राज्याने अश्रू ढाळल्याचं ऐकिवात नाही.

त्यापेक्षा महाराष्ट्राने टक्क्यांतला व्हॅट काढून लिटरमागे ठरलेले रुपये लावावेत, आजच्या उत्पन्नाइतकेच लावले तरी चालतील. मग दर वाढवायचा असेल तर अर्थमंत्र्याला उभं राहून तसं म्हणावं लागेल. हे लवकर होईल असं मला वाटत नाही. होईल ते विजेच्या गाड्या वाढून पेट्रोलचा महसूल आटायला लागल्यावर. ब्रिटनने त्याची तयारी आत्ताच केली आहे: २०२५ च्या नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात विजेच्या मोटारींवर एप्रिल २०२८ पासून मैलामागे तीन पेन्स जाहीर झाले. महाराष्ट्र सध्या विजेच्या गाड्यांना अटल सेतूवर टोल माफ करतो आहे.